काळ्या आणि करड्या लॅपटॉपची चाचणी

१२ मे २०२६, मंगळवार

घरात आज दोन लॅपटॉप आले. एक इंद्रजीतने पुण्याहून पाठवला, एक रूपालीने शेंद्र्याहून. दोन्ही त्यांच्या बाबांच्या सत्तरीसाठी. दुसराही तेच पाठवतो आहे हे दोघांना माहीत नव्हतं, कारण दोघं दोन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. आता दोघांचं म्हणणं एकच आहे: माझा ठेवा, दुसरा परत करा. दुकानं महिनाअखेरपर्यंत परत घेतात. निवाडा माझ्यावर आला आहे. उद्या कुणी म्हणू नये की आईने तोंड बघून निकाल दिला, म्हणून लिहिते आहे. एरवी मला रोज लिहायची हौस नाही.

न बोलण्याचं कारणही एकदाच लिहून टाकते. रूपालीने संघपालशी लग्न केलं. ते बौद्ध, आम्ही मराठा. इंद्रजीत सख्ख्या बहिणीच्या लग्नाला आला नाही. ऑफिसचं काम निघालं म्हणाला. आम्ही दोघं गेलो, शेवटपर्यंत बसलो, जेवलो. संघपालविषयी माझी काहीही तक्रार नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे इंजिनिअर आहेत, वेळेवर येतात, वेळेवर जातात. मी त्यांना अहो-जाहो करते. जावयाचा मान ठेवलाच पाहिजे.

सर्जेरावांना विचारलं, तुम्हाला कोणता हवा? (नवऱ्याला नावाने लिहिते. 'हे' लिहिलं की वाक्यात कोण काय करतंय ते कळत नाही.) ते म्हणाले, "मला काय, कोणताबी चालतो. तू ठरव, तूच मास्तरीण." आणि टोपी घालून त्यांच्या मित्राकडे, मोतीरामकडे गेले.

ठीक आहे. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आहे. प्रयोग करून ठरवू.

१३ मे, बुधवार

वस्तुस्थिती अशी. इंद्रजीतचा काळा आणि जड आहे. त्याचा प्रोसेसर भराभर काम करणारा, पण वीज पिणारा. आत पंखे, मागे आणि बाजूला गरम हवा बाहेर पडायला जाळी. रूपालीचा करडा, वहीएवढा पातळ. त्याचा प्रोसेसर बेताने चालतो, थोड्या विजेत दिवस काढतो, त्यामुळे त्याला पंखाच नाही. इंद्रजीत म्हणतो परफॉर्मन्स बघ. रूपाली म्हणते एफिशियन्सी बघ. अकरावीच्या मुलांना मी हेच सांगायचे: काम किती वेळात झालं हा एक प्रश्न, आणि काम किती ऊर्जेत झालं हा वेगळा प्रश्न. दोन्हींची गल्लत करणाऱ्याला मी अर्धा गुणही देत नसे.

सर्जेरावांचं काम दोन्ही मागतं. ते पाटबंधारे खात्यात आरेखक होते. निवृत्तीनंतर मोतीरामला घेऊन मलिक अंबरच्या नहरीचा नकाशा करत हिंडतात. जमिनीखालून आलेली ती जुनी पाण्याची वाट, तिचे बंब, म्हणजे पाण्याचे उंच मनोरे, आणि विहिरीसारखी तोंडं. एकेका बंबाचे चारी बाजूंनी शेकडो फोटो काढायचे आणि मग संगणकावर ते जोडून त्याची अख्खी आकृती उभी करायची. फोटो काढताना उन्हात, जिथे विजेचं बटण नाही. जोडताना घरी, आणि तिथे जुना संगणक आता फक्त गुरगुरतो.

नियम ठरवले. फोटो तेच, काम तेच, टेबल तेच. दोन्ही मुलांना वेगवेगळे मेसेज केले. दोघांनी मान्य केले, वेगवेगळे.

संध्याकाळी संघपाल येऊन दोन्ही लॅपटॉपवर फोटो जोडायचं सॉफ्टवेअर घालून गेले. काम तासन्‌तास चालतं, तेव्हा झाकण मिटलं तरी ते थांबू नये अशी सोयही मी त्यांच्याकडून करून घेतली. दाराजवळच्या खुर्चीत बसूनच त्यांनी सगळं केलं. ते नेहमी तिथेच बसतात. त्यांना वारा लागत असावा.

१५ मे, शुक्रवार

समोरचा रस्ता पाइपासाठी खोदून ठेवला आहे. छावणीतल्या या घरात इतकी धूळ मी कधी पाहिली नव्हती. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी नाव लिहिता येतं. मुलांनी दिलेली वस्तू अशी मातीत लोळवणार नाही. बैठकीतल्या जुन्या मखमली पडद्याच्या दोन खोळी शिवल्या. आतून अस्तर, तिन्ही बाजूंनी बंद, पुढे दोन बटणं. मिक्सरची, शिलाई मशीनची, टीव्हीची खोळ मीच शिवली आहे. त्या सगळ्या वस्तू अजून चालतात. दोन्ही लॅपटॉपना एकाच कापडाची, एकाच जाडीची. पक्षपात नाही.

सर्जेराव म्हणाले, "लेकरांना बी एवढे मापाचे कपडे शिवले नव्हते तू."

१६ मे, शनिवार

पहिली चाचणी, बॅटरीची. सर्जेराव आणि मोतीराम दोन्ही लॅपटॉप पिशवीत घालून हर्सूलच्या बाजूला गेले. मीही गेले, कारण या दोघांच्या शब्दावर निकाल लिहिता येत नाही. काळ्याने जेवणाच्या डब्याआधीच मान टाकली. करडा आम्ही परत आलो तेव्हाही निम्म्याच्या वर होता. मोतीराम म्हणाले, काळा म्हणजे लग्नातला पाहुणा आहे, पंखा आणि पाणी दोन्ही समोर पाहिजे. ते मी निकालात घेतलं नाही.

हा निकाल अपेक्षित होता. इंद्रजीतनेही वाद घातला नाही. "खरी परीक्षा उद्या," एवढंच म्हणाला.

१७ मे, रविवार

दुसरी चाचणी, वेगाची आणि ऊर्जेची. आधी काळा, मग करडा. घरातली सगळी बटणं बंद केली. फ्रीज, कूलर, पंखे, सगळं. मग एक लॅपटॉप लावायचा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा कसा लुकलुकतो ते पाहायचं. दिवा जितका भराभर लुकलुकतो तितकी वीज जास्त. बाहेर बेचाळीस अंश. सर्जेराव बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाले की प्रोसेसरचं माहीत नाही, पण नवरा किती अंशाला बंद पडतो ते आज नक्की कळेल.

ज्याची पाळी त्याला काम सुरू करून दिलं, झाकण मिटलं, धूळ जाऊ नये म्हणून खोळ घालून बटणं लावली. लॅपटॉपकडे टक लावून बसायची गरज नाही, मी मीटरपाशी होते.

निकाल विचित्र आला. काळ्याला करड्यापेक्षा जास्त वेळ लागला. सुरुवातीला मीटरचा दिवा धावत होता, मग एकदम रेंगाळू लागला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. म्हणजे वीज कमी घेऊ लागला आणि कामही कमी करू लागला. मी याचा अर्थ असा लावला की हा प्रोसेसर दिखाऊ आहे. वर्गात पहिल्या तासाला हात वर करणारी आणि दुपारी झोपणारी मुलं असतात, तसा. संपल्यावर त्याला हात लावला तर इस्त्रीसारखा तापला होता. करडा कोमट.

जे दिसलं ते लिहिलं. दोघांना निकाल कळवला. रूपालीने फक्त हसणारं तोंड पाठवलं. ते मला आवडलं नाही, परीक्षेच्या निकालावर हसत नाहीत.

१८ मे, सोमवार

आज वाईट झालं.

आमचा एक घरचा ग्रुप आहे. त्यात दोन्ही मुलं आहेत, पण दोन वर्षांत तिथे फक्त सर्जेरावांचे बंबांचे फोटो आणि मी कळवलेली पाणी येण्याची वेळ. आज सकाळी इंद्रजीतने तिथे लिहिलं, "हा निकाल शक्यच नाही. लॅपटॉप सेट कुणी केले ते बघा. सेटिंगमध्ये हात घातला की काहीही हरवता येतं."

मी लगेच फोन केला. पुरावा काय, असं विचारलं. त्याच्याकडे पुरावा नव्हता, राग होता. म्हणाला, रूपालीच्या नवऱ्याने आपलाच लॅपटॉप जिंकवला, आणि तुम्ही दोघं काही बोलणार नाही, कारण तुम्हाला त्याला दुखवायचं नसतं. मी म्हटलं, पुराव्याशिवाय बोलणं माझ्या वर्गात चालत नव्हतं आणि घरातही चालणार नाही. त्याने फोन ठेवला.

तोवर रूपालीने वाचलं होतं. तिचं उत्तर आलं: "आमचा लॅपटॉप आम्ही रविवारी घेऊन जातो. त्यानंतर आम्ही त्या घरी येणार नाही. तुम्ही दोघं इकडे या, कधीही."

'त्या घरी' असं लिहिलं आहे. या घरात तिचा जन्म झाला.

२० मे, बुधवार

कुणाचा फोन नाही. सर्जेराव दोन दिवस नहरीवर गेले नाहीत. मोतीराम येऊन गेले, त्यांना तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. तब्येतीला काही झालेलं नाही. आज दुपारी कपाटातून जुना ड्रॉइंग बोर्ड काढून पुसत बसले होते.

"लॅपटॉप दोन्ही देऊन टाक माघारी," म्हणाले. "मला पेन्सिल येते. माझी सत्तरी नाय करायची. लेक येणार नसली तर मी केक कापून कुणाला दाखवू?"

मी म्हटलं, लेक येईल. मी हे कशावरून म्हटलं ते मला माहीत नाही.

माझं मत असं: इंद्रजीतचा आरोप एक तर खरा असेल किंवा खोटा. ते तपासता येतं. तपासता येण्यासारखी गोष्ट तपासायची नाही आणि रुसून बसायचं, हा निव्वळ आळस आहे. संघपालना बोलावून सगळी चाचणी त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवणार. ज्याच्यावर आरोप आहे त्याने प्रयोग पाहिला पाहिजे. ते येतील का, ही शंका आहे. मी असते तर आले नसते.

२१ मे, गुरुवार

आले. पाळी संपवून थेट कारखान्यातून, गळ्यात ओळखपत्र तसंच. एकटे. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की निकालात मला शंका आहे आणि तुमची मदत हवी. "येतो मॅडम," म्हणाले. ते मला मॅडम म्हणतात. अर्धं शहर म्हणतं, त्यामुळे मी कधी लक्ष दिलं नाही.

दाराजवळच्या खुर्चीकडे गेले. लॅपटॉप आत जेवणाच्या टेबलावर होते. तिथूनच विचारलं, "आत येऊ?"

"मग काय दारातून तपासणार?" मी म्हटलं.

आधी त्यांनी सेटिंग उघडून मला दाखवलं, एकेक ओळ वाचून. काहीच बदललेलं नव्हतं, झाकण मिटलं तरी चालू राहण्याची मी सांगितलेली सोय सोडून. मग म्हणाले, तुम्ही त्या दिवशी जसं केलं अगदी तसंच करून दाखवा. मी वर्गात दाखवायचे तसं दाखवलं. फोटो उघडले. काम सुरू केलं. झाकण मिटलं. खोळ घातली. दोन्ही बटणं लावली.

ते खोळीकडे बघत राहिले. मला वाटलं शिवण बघत आहेत, म्हणून सांगितलं की आतून अस्तर आहे.

"मॅडम, ही रविवारी पण घातली होती? पूर्ण वेळ?"

मी म्हटलं, अर्थात. धूळ किती आहे.

त्यांनी खोळीवरून हात ठेवला आणि माझाही हात धरून तिथे ठेवला. आतून पंखा केविलवाणा ओरडत होता आणि मखमल तव्यासारखी तापत चालली होती. मग हळू आवाजात समजावलं. या प्रोसेसरला गरम हवा बाहेर टाकायला वाट लागते. वाट बंद झाली की तो जळू नये म्हणून स्वतःच पाय आवरतो, वीज कमी घेतो, वेग कमी करतो. करड्याला पंखाच नाही, तो मुळातच जपून चालतो, त्यामुळे खोळीत त्याचं फारसं बिघडलं नाही. थोडा तोही मंदावला असेल.

मीटरचा दिवा धावता धावता रेंगाळला होता. ते मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे आणि खाली प्रोसेसरला दिखाऊ म्हटलं आहे. उष्णतेचं वहन हा धडा मी तीस वर्षं शिकवला.

मी खोळ काढली. टेबलापाशी बसले. सर्जेराव स्वयंपाकघराच्या दारात टरबूज हातात घेऊन उभे होते.

तेव्हा संघपाल म्हणाले, "इंद्रजीतना आपण असं सांगू, सेटिंग माझ्याकडून चुकलं होतं, आता नीट केलं. तुमचं नाव कशाला मध्ये? तसंही ते माझ्यावरच रागावलेत."

आणि मी ओरडले. "अरे गाढवा! माझी चूक तू का घेतोस अंगावर? खोटा निकाल सांगतोस? आणि तो पण माझ्या टेबलावर बसून?"

अगदी असंच. जावयाला. ते चटकन ताठ बसले, शाळेतल्या मुलासारखे. मग मान खाली घातली. खांदे हलत होते. मला वाटलं दुखावले. ते हसत होते.

माझ्या तोंडून गेलेला शब्द परत घ्यायला वेळ नव्हता. आधी इंद्रजीतला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हटलं, "तुझा लॅपटॉप हरला नाही. मे महिन्यात त्याला मी मखमली रजई पांघरली होती. हे संघपालने शोधलं. त्याचा जिंकत होता, तो गप्प बसला असता तर मला जन्मात कळलं नसतं. वर तो माझी चूक स्वतःवर घ्यायला निघाला होता. तू ग्रुपवर लिहिलंस ते आता कुठे ठेवशील ते तू बघ."



मग इंद्रजीत म्हणाला, "आहेत का ते तिथं?"

आहे, म्हटलं.

"दाजींना दे फोन."

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. दोन वर्षांत इंद्रजीतच्या तोंडी 'रूपालीचा नवरा' होता, कधी 'तो माणूस' होता. मी फोन दिला. दोघं बोलू लागले. मागच्या दोन वर्षांविषयी एक अक्षर नाही. पंखा किती वेगाने फिरतो, आतलं तापमान कुठे बघायचं, खाली जाळी ठेवली तर किती फरक पडेल, असलंच सगळं. फार वेळ बोलले. सर्जेराव एकटेच टरबूज कापत राहिले. आठ माणसांना पुरेल एवढं कापलं, तेव्हा मी सुरी काढून घेतली.

२२ मे, शुक्रवार

काल गाढव म्हटल्याबद्दल माफी मागायला फोन केला. रूपालीने उचलला. मी म्हटलं, काल माझा संयम सुटला, मी त्यांना नको तो शब्द बोलले, त्यांना सांग की पुन्हा होणार नाही.

ती म्हणाली, "आई, त्याने घरी आल्यावर बूटसुद्धा काढले नाहीत, आधी तेच सांगितलं. आई मला अरे म्हणाल्या म्हणे." आणि रडायला लागली, मध्येच हसायलाही लागली. "तू पुन्हा त्याला अहो म्हणालीस ना, तर बघ."

शिवी दिल्यावर माणसं खूश होतात, हा नवीनच प्रकार आहे. मला नीट उलगडलेलं नाही. पण तिची तशी इच्छा असेल तर माझीही सोयच आहे. अहो-जाहोने वाक्यं लांबतात.

२४ मे, रविवार

फेरचाचणी. रूपाली आणि संघपाल सकाळीच आले. रूपाली लॅपटॉप घेऊन जायला येणार होती, त्याविषयी कुणी काही बोललं नाही. इंद्रजीत पुण्याहून फोनच्या पडद्यावर. त्याच्या सूचनेवरून काळा उंच ठेवला. पापड भाजायची जाळी आणून तिच्यावर बसवला. खोळी कपाटात.

पंखे सुरू झाले तसा काळा घोंघावू लागला. रूपाली इतका वेळ फोनच्या समोर यायचं टाळत होती. ती आता वाकली आणि म्हणाली, "दादा, तुझा लॅपटॉप पिठाच्या गिरणीत होता का आधी?"

इंद्रजीत पडद्याजवळ सरकला. "तुझा तर मेलाय का झोपलाय तेच कळत नाही," म्हणाला.

"तो काम करतो, बोंब मारत नाही. घरात एकाने तरी तसं असावं."

मी दोघांना गप्प केलं. चाचणी चालू असताना बोलत नाहीत. पण सर्जेराव मला खूण करत होते की राहू दे, राहू दे.

निकाल. काळ्याने काम संपवलं तेव्हा रूपालीचा चहा कपात उरला होता. करड्याचं संपलं तेव्हा आमची जेवणं होऊन भांडीही झाली होती. मीटरच्या हिशेबाने मात्र करड्याने तेच काम जवळजवळ निम्म्या विजेत केलं. मग संघपालच्या सांगण्यावरून काळ्याला नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिलं. चार्जरशिवाय त्याचा वेगही उतरतो आणि दमही लवकर संपतो. ही गोष्ट इंद्रजीतच्या बाजूची नव्हती, तरी ती त्याने स्वतः आधी मान्य केली. आज दोघंही एकमेकांचेच मुद्दे मांडत होते. असा वाद मी पूर्वी पाहिलेला नाही.

शेजारच्या सत्यभामाबाई दुपारी डोकावल्या. जावई टेबलापाशी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेला बघून विचारलं की अधिक महिना लागलाय, लग्नानंतरचा पहिलाच, जावयाला धोंड्याचं जेवण, वाण वगैरे काही केलं की नाही? मी म्हटलं, त्यांच्यात ते मानत नाहीत, आणि ज्याला नको त्याच्या ताटात मी काही वाढत नाही. संघपाल म्हणाला, "वाण नको मावशी, पण पुरण असेल तर माझी काही तत्त्वाची अडचण नाही." त्यांच्यासमोर मला हसावं लागलं.

२७ मे, बुधवार

निकाल लिहायला बसले आणि तिसऱ्यांदा कागद फाडला.

नहरीवर काळा निरुपयोगी आहे. घरी करडा फार वेळ घेतो. सर्जेरावांकडे फोटोंचे डोंगर आहेत आणि वय सत्तर. कोणता चांगला, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कोणत्या जागी, हे विचारलं तर आहे. पण नियम मीच केला होता की एक ठेवायचा, एक परत.

संध्याकाळी ग्रुपवर हे लिहिलं. संघपालला रूपालीने काल ग्रुपमध्ये घेतलं आहे. त्याने सुचवलं की बाबांनी करडा घेऊन हिंडावं, फोटो शेंद्र्याला आणावेत, जोडायचं काम तो रात्रपाळी नसेल तेव्हा करून देईल. कशावर, असं इंद्रजीतने विचारलं. त्याच्या घरच्या जुन्या संगणकावर, तो म्हणाला, हळू होईल पण होईल.

थोड्या वेळाने इंद्रजीतचं उत्तर: "काळा परत पाठवू नका. शेंद्र्याला ठेवा. मी येतो रविवारी."

मी लिहिलं की हे नियमात नाही. सर्जेरावांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ग्रुपवर आयुष्यात पहिल्यांदा बंबाशिवाय काहीतरी टाकलं: "नियम रद्द. बाबा."

३१ मे, रविवार

सत्तरी शेंद्र्याला झाली, रूपालीच्या घरी. सर्जेरावांचाच हट्ट. म्हणाले, सूनबाईच्या घरी, लेकीच्या घरी, कुठंबी जेवीन, पण आज लेकीच्या.

सूनबाईला सुट्टी मिळाली नाही, इंद्रजीत एकटाच आला. बारा वाजता गाडी दारात लागली. तो उंबऱ्याबाहेर बूट काढून उभा राहिला आणि आत येईना. संघपाल बाहेर गेला. मी खिडकीपाशी होते, म्हणून ऐकू आलं.

इंद्रजीत म्हणाला, "दाजी, लग्नाला यायचं होतं. दोन वर्षं उशीर झाला."

संघपाल म्हणाला, "पुण्याचा रस्ता लई खराब आहे. होतो उशीर. या."

माझ्या मते हे फार सहज सोडलं. मी असते तर दोन शब्द ऐकवले असते, आणि नंतर मी इंद्रजीतला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन ते ऐकवलेही. त्याने ऐकून घेतले. मी म्हटलं, ऑफिसचं कारण तू दिलंस आणि मी ते खरं मानल्यासारखं केलं, दोघांनीही आता ते बंद करू. तो हो म्हणाला.

जेवताना भाऊबहिणींनी एकमेकांच्या लॅपटॉपची इतकी निंदा केली की सर्जेरावांना ठसका लागला. त्यांनी पुरणपोळी जास्त खाल्ली. मी पाहिलं, पण आज बोलले नाही.

एक अडचण आली. काळा लॅपटॉप भेट म्हणून घ्यायला संघपाल तयार होईना. म्हणाला, दादांनी बाबांना आणला होता, मी कसा घेऊ. इंद्रजीतला वाईट वाटलं, तेही दिसलं. दोघांचंही बरोबर होतं. मी म्हटलं, भेट नाही, कामासाठी ताब्यात द्यायचा. शाळेत प्रयोगशाळेचं सामान असंच द्यायचो, नोंद करून. ते दोघांना पटलं. ती नोंद इथेच करते.

सर्जेराव यांना: करडा लॅपटॉप, चार्जरसह. रूपाली आणि संघपाल यांच्याकडून, सत्तरीची भेट.

संघपालला: काळा लॅपटॉप, चार्जरसह, नहरीचे फोटो जोडण्याच्या कामासाठी. इंद्रजीतच्या हाताने दिला, संघपालने दोन्ही हातांनी घेतला. परत करायची तारीख लिहिलेली नाही.

इंद्रजीतला: रूपालीकडून एक पेन ड्राइव्ह. त्यात लग्नाचे सगळे फोटो. त्याने स्वतः मागितला.